शेवटच्या तासानंतर

बारावीच्या निकालात कोकण राज्यात पहिलं येतं, याचं आता कुणाला नवल वाटत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोनच जिल्ह्यांचं हे विभागीय मंडळ. २०२४ साली त्याचा निकाल ९७.५१ टक्के लागला, तेव्हा राज्याचा होता ९३.३७. पुढच्या वर्षी कोकण ९६.७४ आणि राज्य ९१.८८. म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर रत्नागिरीतल्या कॉलेजांच्या पहिल्या वर्षात जी मुलंमुली येऊन बसतात, त्यांना अभ्यास नवा नसतो. नेमलेलं पुस्तक संपवणं, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवणं, दोन-दोन तास जागचं न हलता बसणं, हे सगळं त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. तरीही एफवायच्या पहिल्या सत्राचा निकाल लागला की यातल्याच काहींच्या गुणपत्रिकेत एखादा विषय राहिलेला दिसतो आणि घरात प्रश्न पडतो, की बारावीला एवढे गुण मिळवणाऱ्या मुलाला झालं तरी काय? उत्तरं ठरलेली असतात: मोबाईल, मोकळीक, इंग्रजी, मित्रांचा नाद. यातलं प्रत्येक कारण कुठे ना कुठे खरं असेलही. पण पहिल्या वर्षाचं गणित बिघडण्यामागे याहून मोठं कारण आहे आणि त्याकडे फारसं लक्ष जात नाही, असं मला वाटतं. बारावीपर्यंत ज्या सवयीने यश दिलं, ती एकट्याने अभ्यास करण्याची सवय कॉलेजात अपुरी पडते. शेवटचा तास संपल्यानंतर विद्यार्थी कुठे जातो, कुणाबरोबर बसतो, कुणाला काय विचारतो, यावर पहिलं वर्ष पुष्कळसं अवलंबून असतं.

आधी बदलतं काय, ते नीट पाहू. बारावीला विषयाचं एक नेमलेलं पुस्तक असतं, त्याच्या बाहेरचं विचारलं जात नाही, आणि राज्यभर सगळ्यांची परीक्षा एकच. कॉलेजात अभ्यासक्रम म्हणून हातात पडते ती घटकांची यादी आणि तिच्याखाली संदर्भग्रंथांची नावं. त्यातलं काय वाचायचं, किती वाचायचं, कुठे थांबायचं, हे ठरवायचं काम विद्यार्थ्याकडे येतं, आणि ते करण्याचा सराव त्याला कुणी दिलेला नसतो. त्यात २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार आता पहिल्या वर्षाची रचनाच वेगळी झाली आहे. मुख्य विषय, त्याच्या जोडीला मायनर, दुसऱ्या शाखेतला एखादा विषय, कौशल्याचा, भाषेचा, भारतीय ज्ञानपरंपरेचा असे तुकडे मिळून एका सत्राची साधारण २२ श्रेयांकांची बेरीज होते. लेखी विषयाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात वर्गातले १५ तास, प्रात्यक्षिकाला त्याच्या दुप्पट. पंधरा आठवड्यांचं सत्र धरलं तर आठवड्याला किमान २२ तास वर्गात जातात. या आकड्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे वर्गात जे ऐकलं त्यावरचं खरं काम वर्गाबाहेर होणार. ते काम कसं करायचं हे वेळापत्रकात कुठेच छापलेलं नसतं. वर्षभराचे श्रेयांक मिळवून प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडण्याची, नंतर परत येण्याची, तीन वर्षांनी पदवी किंवा चार वर्षांनी ऑनर्स घेण्याची वाट या धोरणाने मोकळी केली, हे चांगलंच झालं. मात्र निवडी जेवढ्या वाढल्या, तेवढी एकट्याने चुकण्याची शक्यताही वाढली. मायनर कुठला घ्यावा हे माहितीपत्रकावरून कळत नाही. ते कळतं तो विषय घेतलेल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलीकडून.

त्यातून कोकणातलं पहिलं सत्र दिसतं त्याहून आखूड असतं. प्रवेशाच्या गुणवत्ता याद्या, कागदपत्रं, फी यांत सुरुवातीचे आठवडे जातात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा भाग जून ते ऑगस्टमध्ये. रस्ता खचला, वहाळाला पाणी आलं, गाडी रद्द झाली, की गावाकडच्या मुलाचा दिवस गेला. मग गौरी-गणपती. त्या दिवसांत मुंबईहून माणसं येतात, घरं भरतात, आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षात असलेल्या मुलाकडून घरची कामं करण्याची अपेक्षा ओघानेच येते. गणपती गेले की नवरात्र, आणि दिवाळीच्या आसपास सत्राची परीक्षा. म्हणजे ज्याला शांतपणे स्थिरस्थावर व्हायचं आहे, त्याच्या हातात जुलै-ऑगस्टचे मोजके आठवडे उरतात. ‘आधी जरा रुळू दे, मग बघू’ असं म्हणणाऱ्याचं सत्र रुळण्यातच संपतं. म्हणून ओळखी करून घेणं, वाचनालयाचं सभासद होणं, अभ्यासाचे सोबती शोधणं ही कामं पहिल्या पंधरवड्यातली आहेत. ती गणपतीनंतरवर ढकलता येत नाहीत.

एकट्याने केलेला अभ्यास अपुरा पडतो, हे नुसतं मत नाही. १९७०च्या दशकात अमेरिकेत बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात यूरी ट्रिझमन या तरुण गणितज्ञाने या प्रश्नाचा फार चिकाटीने शोध घेतला. पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणात मागे पडत होते आणि चिनी वंशाचे विद्यार्थी पुढे जात होते. प्राध्यापकांना विचारल्यावर त्याला तयार उत्तरं मिळाली: जिद्द कमी, शाळेतली तयारी कच्ची, घरून पाठबळ नाही, गरिबी. ट्रिझमनने दोन्ही गटांतले वीस-वीस विद्यार्थी निवडले आणि ती मुलं अभ्यास करत तिथे जाऊन त्यांना जवळून पाहिलं. एकही तयार उत्तर टिकलं नाही. मागे पडणारी मुलं कष्टाळू होती, त्यांच्या घरच्यांनी त्यांच्या शिक्षणासाठी खस्ता खाल्ल्या होत्या. फरक निघाला तो वेगळ्याच ठिकाणी. ही मुलं वर्गातून थेट खोलीवर जात आणि दार लावून एकटी अभ्यास करत. मित्र वेगळे आणि अभ्यास वेगळा, अशी त्यांनी काटेकोर विभागणी केलेली होती. चिनी वंशाची मुलं आधी एकेकटी बसत, पण संध्याकाळी एकत्र येऊन उत्तरं ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत, प्राध्यापकाला नेमकं काय हवं असतं यावर बोलत. एखादं उदाहरण सगळ्यांनाच सुटलं नाही की त्यांना कळे, की हे उदाहरणच अवघड आहे. एकट्या बसलेल्या मुलाला तेच उदाहरण सुटलं नाही तर तो म्हणे, माझ्यातच काहीतरी कमी आहे.

ट्रिझमनच्या निरीक्षणातली जी गोष्ट रत्नागिरीच्या वाचकाने थांबून विचारात घ्यावी, ती अशी की एकट्याने अभ्यास करण्याच्या याच सवयीने त्या मुलांना बर्कलीपर्यंत आणलं होतं. शाळेत आजूबाजूच्या गोंधळापासून स्वतःला तोडून घेतलं म्हणून ती यशस्वी झाली होती. जी सवय शिडी ठरली, तीच वर आल्यावर अडसर ठरली. कोकण मंडळातून चांगले गुण घेऊन आलेल्या मुलाची गोष्ट याहून फार निराळी नसावी. लांजा किंवा संगमेश्वर तालुक्यातल्या एखाद्या वाडीत, जिथे अकरावी-बारावीत बरोबरीची दोन-चारच मुलं असतात, तिथे एकट्याने अभ्यास करण्याखेरीज दुसरा मार्गही नसतो. ट्रिझमनने पुढे जो उपाय केला, तोही ध्यानात घेण्यासारखा आहे. त्याने कच्च्या मुलांसाठी जादा वर्ग काढले नाहीत. त्याने कठीण उदाहरणं निवडली, मुलांचे छोटे गट केले आणि ती एकत्र सोडवायला दिली. त्यात भाग घेतलेल्या विद्यार्थ्यांचे निकाल लक्षणीय सुधारले. १९९२ मध्ये त्याने हे सगळं लिहून प्रसिद्ध केलं आणि पुढे अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी ही पद्धत उचलली. तुम्ही कच्चे आहात म्हणून एकत्र या, असं सांगण्यात आणि हे अवघड आहे म्हणून एकत्र या, असं सांगण्यात विद्यार्थ्याच्या स्वाभिमानाच्या दृष्टीने फार मोठं अंतर आहे.

एकत्र बसल्याने नेमकं काय होतं? एक तर विसरलेलं उघडं पडतं. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काही वेळा तोच उतारा पुन्हा वाचायला सांगितला, काही वेळा उतारा बाजूला ठेवून आठवेल ते लिहायला सांगितलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचल्याचा फायदा दिसला. आठवड्याने घेतली तेव्हा चित्र उलटं झालं: पुन्हा वाचलेलं सुमारे ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिलेलं सुमारे ५६ टक्के. पुस्तक पुन्हा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात आणि त्या ओळखीलाच आपण समज मानतो. समोरच्या मैत्रिणीने पुस्तक मिटून ‘मागणीची लवचिकता म्हणजे काय, मला सांग’ असं म्हटलं की ती ओळख किती पातळ होती हे तत्काळ कळतं. एकट्यानेही पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारता येतात, ते करावंच. पण स्वतःला पकडणं कठीण असतं आणि दुसऱ्याला पटेल असं सांगणं त्याहून कठीण. म्हणून दोन-तीन जणांनी आठवड्यातून दोनदा, वही-पुस्तक मिटून, आळीपाळीने एकमेकांना प्रश्न विचारत बसावं. नोट्सची देवाणघेवाण आणि जर्नल उतरवून घेणं याला मी गटाने केलेला अभ्यास म्हणत नाही. त्यात हात दोघांचे चालतात, डोकं एकाचंच चालतं.

या जिल्ह्याचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवतो. रत्नागिरीत जन्मलेले बाळ गंगाधर टिळक पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १८७३ मध्ये दाखल झाले. पहिलं वर्ष त्यांनी व्यायाम आणि पोहणं यांत घालवलं, प्रकृती कमावली आणि परीक्षेचं वर्ष गमावलं, ही हकिगत त्यांच्या चरित्रांतून सर्वांना ठाऊक आहे. तिचा उपयोग बहुधा पहिलं वर्ष सोडून दिलं तरी चालतं, असं सांगायला केला जातो. मला त्या कॉलेजातला पुढचा काळ अधिक महत्त्वाचा वाटतो. १८७९च्या सुमारास टिळक कायद्याचा आणि गोपाळ गणेश आगरकर एम.ए.चा अभ्यास करत असताना तिथेच राहत होते आणि त्यांच्यात रात्र-रात्र वाद चालत. त्या वादांतून शिक्षणाचं काम स्वतः हाती घ्यायचा निश्चय झाला, आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल उभं राहिलं. चार वर्षांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी आली, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे मॅट्रिक झाले तेव्हा तेवीस वर्षांचे होते, आणि १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन बी.ए. झाले. गुहागर तालुक्यातल्या कोतळुकला जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले त्याच वर्षी त्याच कॉलेजातून पदवीधर झाले. टिळकांनी राजीनामा दिल्यावर फर्ग्युसनमध्ये गणिताची जागा रिकामी झाली, तेव्हा १८९१ मध्ये कर्व्यांना तिथे बोलावून घेतलं ते गोखल्यांनी. कर्व्यांचं पुण्यातलं सगळं पुढचं काम, विधवांसाठीचा आश्रम आणि १९१६ चं महिला विद्यापीठ, त्या निमंत्रणानंतरचं आहे.

यावर कुणी म्हणेल की थोरांच्या चरित्रांतून काहीही सिद्ध करता येतं. बरोबर आहे. कॉलेजात रात्रभर वाद घालणारे हजारो विद्यार्थी होऊन गेले आणि त्यांनी संस्था काढल्या नाहीत. सहाध्यायी असल्यामुळे माणूस मोठा होतो, असा दावा या उदाहरणांवरून करता येणार नाही, आणि मी तो करत नाही. त्यांच्यावरून एवढंच दिसतं की कॉलेजात मिळणाऱ्या गोष्टींपैकी काही अभ्यासक्रमात नसतात आणि त्या पदवीपेक्षा जास्त टिकतात. सामान्य विद्यार्थ्याला सोबतीचा उपयोग होतो का, याचं उत्तर ट्रिझमनच्या चाळीस विद्यार्थ्यांकडे आहे. ती मुलं थोर नव्हती. त्यांना कॅल्क्युलसमध्ये पास व्हायचं होतं.

आई-वडिलांचा आक्षेप याच्या नेमका उलट असतो. मित्रांमुळेच मुलं वाया जातात, असं ते म्हणतात, आणि ती भीती पोकळ नाही. चार जण एकत्र आले की अभ्यासच होईल याची हमी कुणी देऊ शकत नाही. मात्र सोबत टाळून ही भीती टळत नाही, कारण अठरा वर्षांच्या मुलाला सोबत लागतेच. अभ्यासातली नाही मिळाली तर तो दुसरीकडची शोधतो. ट्रिझमनच्या मागे पडलेल्या विद्यार्थ्यांनाही मित्र होते. त्यांनी मैत्री आणि अभ्यास यांच्यामध्ये भिंत घातली होती, हा त्यांचा तोटा झाला. तेव्हा पालकांनी ‘कुणाबरोबर हिंडतोस?’ एवढंच न विचारता ‘कुणाबरोबर अभ्यास करतोस?’ हेही विचारावं. आणि गटाला काही बंधनं हवीत: तीन-चारच्या वर माणसं नकोत, जागा आणि वेळ ठरलेली हवी, प्रत्येकाने आधी एकट्याने वाचून यायला हवं. शेवटची अट मोडली की गटातला एक जण शिक्षक होतो, बाकीचे श्रोते होतात आणि गट महिन्याभरात मोडतो.

सर्वांत खडतर आक्षेप मात्र एसटीचा आहे. पावस, जयगड, मालगुंड, पाली, लांजा इथून रोज ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचं कॉलेज घड्याळावर नाही, गाडीवर चालतं. शेवटचा तास संपायच्या आधीच त्याचं लक्ष स्टँडकडे लागलेलं असतं, कारण ती गाडी चुकली तर पुढची दोन तासांनी, आणि वाडीपर्यंत जाणारी तर कदाचित नाहीच. मुलींच्या बाबतीत हे आणखी घट्ट आहे. अंधार पडायच्या आत घरी पोचायची अट त्यांच्यावर आहे. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत होता, कॉलेजात आल्यावर सवलतीच्या पासाचेही पैसे मोजावे लागतात. अशा विद्यार्थिनीला ‘शेवटच्या तासानंतर थांब’ हा सल्ला देणं सोपं आहे, पाळणं नाही. म्हणून इथे सल्ला बदलावा लागतो. थांबायची वेळ दिवसाच्या शेवटीच असली पाहिजे असं नाही. दोन तासांच्या मधली रिकामी वेळ जवळपास प्रत्येक वेळापत्रकात असते, आणि ती कॅन्टीनमध्ये किंवा जिन्यावर विरून जाते. पहाटेच्या गाडीने येणाऱ्यांना कॉलेज सुरू होण्याआधी अर्धा-पाऊण तास मिळतो. एकाच मार्गावरून येणारे तीन-चार जण असतील तर त्यांचा गट गाडीतच होतो, तोंडी प्रश्नोत्तरांना वही लागत नाही. आठवड्यातला एखादा दिवस उशिराच्या गाडीने येण्याची परवानगी घरून मिळवणं हे काहींना जमेल, काहींना नाही. ज्यांना जमत नाही त्यांच्या बाबतीत दोष त्यांचा नाही, आणि त्याबद्दल पुढे बोलायचं आहे.

आणखी एक आक्षेप मुलं उघड बोलत नाहीत, पण मनात धरतात: हे सगळं पुण्या-मुंबईच्या कॉलेजांना लागू, आपलं कॉलेज ते काय! प्रवेश मिळाला नाही किंवा ऐपत नव्हती म्हणून इथे राहिलो, ही भावना घेऊन जो वर्गात बसतो, तो तिथे खऱ्या अर्थाने दाखल होतच नाही. या भावनेचा परिणाम मोजला गेला आहे. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षाच्या ९२ विद्यार्थ्यांपैकी काहींना त्यांनी सुमारे तासाभराच्या बैठकीत एवढंच दाखवलं, की आपण इथले नाही असं सुरुवातीला बहुतेकांना वाटतं आणि काळाबरोबर ते ओसरतं. पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणांतली दरी निम्म्याने कमी झाली. इतक्या लहान उपायाचा इतका मोठा परिणाम पाहून शंका यावी हे योग्यच. २०२३ मध्ये २२ संस्थांतल्या जवळपास २७ हजार विद्यार्थ्यांवर हा प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा परिणाम बराच लहान निघाला, आणि जिथे संस्थेने मुलांना आपलं वाटण्याची खरोखरची संधी ठेवली होती तिथेच तो ठळक दिसला. मला या दुसऱ्या प्रयोगाचं मोल अधिक वाटतं. नुसतं मनाला समजावून भागत नाही. जागा, माणसं, कामं लागतात.

रत्नागिरीत ती आहेत. गोगटे-जोगळेकर महाविद्यालय १९४५ पासून इथे उभं आहे. शिरगावला मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे, मुंबई विद्यापीठाचं उपपरिसर आहे, अभियांत्रिकी आहे, अलीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या २९ वर्षं आधीचं, आणि त्याची ग्रंथसंख्या लाखाच्या घरात आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात जो संदर्भग्रंथ एकाच प्रतीत असतो, त्याच्यासाठी या वाचनालयाचं सभासदत्व घ्यायला पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने उशीर का करावा? आणि नव्या अभ्यासक्रमात जो क्षेत्र-प्रकल्प करायचा असतो, त्यासाठी या जिल्ह्याइतकी संपन्न भूमी किती ठिकाणी मिळेल? जांभ्याच्या सड्यांवरची कातळशिल्पं आहेत, ज्यांतली काही स्थळं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्याच सड्यांवर पावसाळ्यात चार महिन्यांपुरती उगवणारी फुलझाडं आहेत. मिरकरवाड्याचं बंदर आहे, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला हापूस आहे आणि त्याच्या बाजारपेठेचे प्रश्न आहेत. कातळशिल्पांचा शोध आणि नोंदी हे काम तर स्थानिक अभ्यासकांनी वर्षानुवर्षं सडे पायाखाली घालून केलेलं आहे. इतिहास, भूगोल, वनस्पतिशास्त्र, वाणिज्य अशा वेगवेगळ्या वर्गांतल्या चार मुलांना मिळून एका सड्याचा वर्षभर अभ्यास करता येईल; मुंबईतल्या विद्यार्थ्याला त्यासाठी तीनशे-साडेतीनशे किलोमीटर यावं लागेल. इंटरनेटवरून उतरवलेला प्रकल्प आणि हा प्रकल्प यांतला फरक परीक्षकाला पहिल्या पानावर कळतो.

सोबत्यांइतकेच शिक्षकही महत्त्वाचे, आणि इथे कोकणातल्या मुलांचा संकोच आडवा येतो. स्टाफरूमच्या दारापर्यंत जाऊन परत फिरणारी मुलं थोडी नसतात. शाळेत शिक्षकाकडे जाणं म्हणजे चूक झाल्याचं लक्षण, असा अनुभव असेल तर ते स्वाभाविक आहे. हा संकोच मोडायचा सोपा उपाय म्हणजे नेमका प्रश्न लिहून नेणं. ‘सर, हे काही समजलं नाही’ यावर कुणीही शिक्षक फारसं सांगू शकत नाही. ‘मॅडम, या पायरीपर्यंत मला समजलं, इथून पुढे हे चिन्ह का बदललं?’ या प्रश्नाला पाच मिनिटांत उत्तर मिळतं, आणि त्या पाच मिनिटांत शिक्षकाला विद्यार्थ्याचं नाव कळतं. दोघं मिळून गेलं तर धीर येतो. लहान गावातल्या कॉलेजचा हा खरा फायदा आहे. इथे शिक्षक बाजारात भेटतात, गाडीत भेटतात, आणि एका वर्षात वर्गातल्या बहुतेकांना नावाने ओळखू शकतात. शिफारसपत्र, संशोधनाच्या ‘आविष्कार’ स्पर्धेसाठी निवड, उन्हाळ्यातलं काम, ही सगळी ओळखीच्या मुलाला आधी सुचवली जातात. यात पक्षपात आहे असं वाटेल, पण ज्याचं काम पाहिलं नाही त्याच्याबद्दल शिक्षकाने लिहायचं तरी काय?

ज्यांना शिकताना कमवावंही लागतं, त्यांना हे सगळं चैनीचं वाटू शकतं. कर्व्यांनीही शिकवण्या करत शिक्षण घेतलं होतं. पण म्हणून आजच्या मुलाने तसंच करावं, असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याच्यासाठी राज्याच्या योजना आहेत आणि त्यांच्यापर्यंत पोचण्याचा रस्ताही माणसांतूनच जातो. महाडीबीटीच्या संकेतस्थळावर राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे, पंजाबराव देशमुखांच्या नावाची वसतिगृह भत्त्याची योजना आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तरीही उत्पन्नाचा दाखला वेळेत न काढल्याने किंवा बँक खातं आधारशी न जोडल्याने अर्ज अडकतो. मागच्या वर्षी अर्ज भरलेला विद्यार्थी ओळखीचा असेल तर तो हे जूनमध्येच सांगतो. ओळखीचं कुणी नसेल तर मुदत संपल्यावर कळतं. म्हणजे ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याला सोबतीची गरज कमी नाही, अधिक आहे.

आता राहिलं ते कॉलेजांचं. विद्यार्थ्याने काय करावं हे सांगून जबाबदारी संपत नाही, हे २७ हजार विद्यार्थ्यांच्या त्या प्रयोगानेच दाखवलं आहे. नॅकच्या मूल्यांकनासाठी कॉलेजं मार्गदर्शक शिक्षकांची यादी ठेवतात. त्या यादीतल्या शिक्षकाने पहिल्या महिन्यात आपल्या वाट्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याशी दहा मिनिटं बोलावं, एवढं प्राचार्यांना सहज करून घेता येईल. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना पहिल्या वर्षाचे गट जमवून द्यायचं काम द्यावं, आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या नियमांत बसत असेल तर ते तास तिथे धरावेत. ये-जा करणाऱ्या मुलांसाठी आठवड्यातून दोन दिवस दुपारचा एक तास वेळापत्रकातच रिकामा ठेवून त्या वेळी ग्रंथालय आणि दोन वर्ग गटांसाठी उघडे ठेवावेत. आणि जून उजाडायच्या आधी शहरातल्या सगळ्या कॉलेजांनी मिळून आपापली वेळापत्रकं, कुठल्या मार्गावरून किती विद्यार्थी येतात या आकड्यांसह, एसटीच्या रत्नागिरी विभागाकडे न्यावीत आणि पावस, जयगड, लांजा या मार्गांवरच्या संध्याकाळच्या गाड्या अर्ध्या तासाने पुढे सरकवता येतील का, हे विचारावं.